‘मोटार हीच आजची बैठक’ म्हणणाऱ्यांना एक सविस्तर उत्तर

खर्ज (धागाकर्ता):

मागच्या रविवारी या संकेतस्थळावर ‘मागची सीट’ यांनी ‘गाडीतला माझा आठवडा’ हा मजकूर लिहिला. त्याला तिथेच दोन ओळींत उत्तर द्यायला बसलो आणि दोन ओळींची दोन पाने झाली, म्हणून हा वेगळा धागा. ज्यांच्या वाचनातून तो सुटला असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हे गृहस्थ आठवड्यातून चार दिवस वाकडहून वाशीला जातात, गाडी पगारी चालक चालवतो, आणि मागे डोळे मिटून बसलेल्या या रसिकांनी चार दिवसांत नऊ राग ‘ऐकले’. त्यांत गुरुवारी सकाळी आठ वाजता मारवा, म्हणजे सूर्यास्ताच्या प्रहराचा राग, तोही होता. त्यांचा निष्कर्ष असा की मोटार हीच आजची गाण्याची खरी बैठक आहे, आणि पुरावा म्हणून ‘आमच्या ड्रायव्हरलाही आता मारवा ओळखता येतो’ हे वाक्य.

माझा आक्षेप सकाळच्या मारव्याला नाही. तो असलाच तर दुय्यम आहे. माझा आक्षेप ‘ऐकले’ या क्रियापदाला आहे. द्रुतगती मार्गावर गाडी ताशी ८० च्या वर गेली की टायरांची घरघर सुरू होते आणि ती नेमकी तानपुऱ्यावर आणि मंद्र सप्तकावर बसते. मारव्यात पंचम नाही, म्हणून तानपुऱ्याची पहिली तार निषादाला किंवा धैवताला लावतात. षड्जावर न टेकता कोमल रिषभाभोवती घुटमळणाऱ्या त्या रागाचा सगळा ताण ज्या पार्श्वभूमीवर उभा राहतो, तीच गाडीत ऐकू येत नाही. उरतो तो मध्य-तार सप्तकातला गळा आणि तबल्याच्या काठावरची चाट. आलापी ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवायचा आणि तान आली की दचकून कमी करायचा, या व्यायामाला मी श्रवण म्हणत नाही. पूर्वी खालापूरच्या टोलनाक्यावर रांगेत गाडी थांबली की एकाएकी तानपुरा ‘उगवायचा’, हे मी स्वतः अनुभवले आहे. फास्टॅग आल्यापासून तेवढीही सोय राहिलेली नाही.

मागची सीट:

माझ्या साध्या टिपणावर आपण इतका वेळ घालवलात याबद्दल आभार. आपल्याकडे बंद दाराची खोली, चांगले स्पीकर आणि तास-दोन तास कोणी हाक न मारणारे कुटुंब आहे असे दिसते. माझ्या घरी संध्याकाळी सात ते दहा दूरदर्शन संच सासूबाईंच्या ताब्यात असतो, मुलाचे दहावीचे वर्ष आहे, आणि मी हेडफोन लावला की ‘कानात बोळे घालून बसलात’ हे वाक्य ठरलेले आहे. सवाई गंधर्व महोत्सव वर्षातून एकदा, डिसेंबरात. उरलेले दिवस आम्ही काय करावे?

आणि संगीताला माध्यमाप्रमाणे मुरड घालावी लागली नाही असा काळ कोणता? अब्दुल करीम खाँसाहेबांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांच्या. कर्ण्याच्या खरखरीतून लोकांनी त्या ऐकल्या, त्यांवरून गाणे शिकले, त्यांच्यासाठी वेडे झाले. तेव्हाही ‘हे ऐकणे नव्हे’ म्हणणारे कोणी तरी असणारच. बाळकृष्ण केसकर १९५२ साली नभोवाणी मंत्री झाले आणि लोकांनी काय ऐकावे हे त्यांनी ठरवायला घेतले. लोकांनी सिनेगीतांसाठी रेडिओ सिलोन लावला आणि शेवटी १९५७ मध्ये सरकारलाच विविध भारती सुरू करावी लागली. आपण त्याच परंपरेतले दिसता.

संगतकार:

दोन्ही बाजूंचे चालू द्या. मूळ टिपणात नऊ राग आहेत, नऊ गायक-गायिका आहेत. तबल्यावर कोण होते, हार्मोनियम कोणाची होती, याचा एकाही ठिकाणी उल्लेख नाही. लाँग प्ले तबकडीच्या वेष्टनावर निदान मागे बारीक अक्षरात संगतकारांची नावे असत. आता गाडीच्या पडद्यावर गायकाचा फोटो, रागाचे नाव आणि तेही पुष्कळदा चुकीचे. तबलजी जणू आपोआप वाजतो. १९४० ते १९७१ आकाशवाणीने हार्मोनियमला दार बंद ठेवले, तो अन्याय निदान जाहीर होता. गुरुवारच्या मारव्यात तबला कोणाचा होता, एवढे मूळ लेखकांनी सांगावे.

पहिला गिअर:

मला मूळ लेखातले एकच वाक्य खटकले आणि आश्चर्य म्हणजे धागाकर्त्यांनी ते केवळ थट्टेसाठी वापरले. ‘आमच्या ड्रायव्हरलाही आता मारवा ओळखता येतो.’ त्या माणसाला मारवा ऐकायचा आहे का, असे त्याला एकदा तरी विचारले का? गाडी तुमची, संगीत तुमचे, आणि दिवसाला चार तास कान मात्र त्याचे.

माझे वडील एकतीस वर्षे एसटीत चालक होते. रात्रीच्या गाडीला घाटात मागचे प्रवासी मोबाईलवर गाणी लावू लागले, ती त्यांच्या नोकरीची शेवटची वर्षे होती. घरी आल्यावर ते तासभर कोणाशी बोलत नसत. आई म्हणायची, त्यांचे कान अजून गाडीतून उतरले नाहीत. तेव्हा बैठक कोणाची आणि बिगारी कोणाची, हे आधी ठरवा.

मागची सीट:

‘बिगारी’ हा शब्द आपण मागे घ्यावा अशी विनंती आहे. माझ्याकडे काम करणाऱ्या माणसाला मी कसे वागवतो हे आपल्याला माहीत नाही. त्याच्या आवडीची गाणीही लागतात.

पहिला गिअर:

कधी लागतात? आपल्या नऊ नोंदींत एकही दिसत नाही.

मागची सीट:

परत येताना, लोणावळ्यानंतर, मला झोप लागली की.

पहिला गिअर:

म्हणजे मालक झोपल्यावर. आभारी आहे, माझा मुद्दा आपणच मांडलात.

खर्ज:

चालकाच्या प्रश्नावर भांडण चालू राहू द्या, मला ७८ फेऱ्यांच्या तबकडीकडे परत यायचे आहे, कारण तो युक्तिवाद दरवेळी येतो आणि दरवेळी खपून जातो. तीन मिनिटांच्या तबकडीसाठी राग कसा आवळायचा, काय ठेवायचे आणि काय सोडायचे, हे गाणाऱ्याने ठरवले होते. ती त्याची रचना होती. आपण पन्नास मिनिटांच्या ख्यालाचे जे तीन तुकडे केलेत, ते भाताणच्या बोगद्याने, कार्यालयातून आलेल्या दोन फोनांनी आणि उर्स्याच्या नाक्याने ठरवले.

आठवड्याचाच हिशेब मांडायचा तर आणखी एक सांगतो. १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून गदिमा आणि सुधीर फडके यांचे गीतरामायण सुरू झाले. आठवड्याला एक नवे गीत असे वर्षभर चालले, अधिक महिना आला म्हणून ५२ ची ५६ गीते झाली. एका गीतावर लोकांनी आठवडा काढला. आपण चार दिवसांत नऊ राग संपवले आणि दहावा नाही म्हणून हळहळलात. याला श्रवण म्हणायचे की चाऱ्याचा हिशेब, हे आपणच ठरवा.

एडिसनकर:

न्यू जर्सीहून लिहिते आहे. आम्हां परदेशस्थांना प्रहराचा मुद्दा नेहमी गमतीचा वाटतो: इथे डिसेंबरात साडेचारला सूर्य मावळतो आणि जूनमध्ये साडेआठला, तेव्हा मारवा घड्याळाने लावायचा की खिडकीबाहेर पाहून? मी खिडकीबाहेर पाहून लावते.

पण माझा या आठवड्याचा अनुभव असा. गाडी मी स्वतः चालवते, मागे-पुढे कोणी नसते. गार्डन स्टेट पार्कवेवर मल्लिकार्जुन मन्सूरांचे गाणे लावले की माझे वळण चुकते. मंगळवारी चुकले, बुधवारी चुकले, आणि शुक्रवारी तर मी पुढच्या वळणावरून परत फिरून पुन्हा तेच चुकवले. त्यांची फिरत अशी असते की तालाचे एक आवर्तन कुठे संपते आणि दुसरे कुठे सुरू होते ते शोधण्यात माणूस गुंततो. तेव्हा गाडीत ऐकणे होत नाही असे म्हणणाऱ्यांनी माझ्या पेट्रोलचा खर्च पाहावा.

खर्ज:

बाई, आपण माझीच बाजू इतकी नेमकी मांडलीत की मला काही करायचे उरले नाही. जेव्हा ऐकलेत तेव्हा गाडी चालवली नाहीत, आणि जेव्हा गाडी नीट चालवत असाल तेव्हा ऐकत नसाल.

एडिसनकर:

माझ्या सांगण्याचा अर्थ नेमका उलटा होता, हे आपल्याला कळले आहे असे मी धरून चालते. वळण चुकले ते ऐकले म्हणूनच.

पहिला गिअर:

आणि म्हणूनच पगारी चालक हवा, म्हणजे वळण चुकवण्याची चैन मागच्या सीटवर बसून करता येते. त्याने चुकवले तर त्याचा पगार कापला जातो.

मागची सीट:

हे आता अति झाले. मी कोणाचा पगार कापलेला नाही. माझे वडील गिरणीत होते, मीही कोणी जहागीरदाराचा मुलगा नाही. पाठीचे दुखणे सुरू झाल्यापासून चालक ठेवला आहे, आणि तो निम्मा वेळ तरी माझ्यापेक्षा आनंदात असतो. संगीतावरच्या धाग्यात माझ्या घरगुती व्यवहाराची चौकशी कशासाठी?

पहिला गिअर:

कारण पुरावा म्हणून त्या माणसाचे कान आपणच सादर केलेत. साक्षीदार आणला की उलटतपासणी होते.

संगतकार:

मारव्याचा तबला अजून कळलेला नाही.

खर्ज:

एक कबुली देणे भाग आहे, कारण सौभाग्यवतींनी हा धागा वाचला असून मी दिली नाही तर त्या देतील. परवा रात्री कार्यक्रमाहून येताना गाडीत एका जुन्या बैठकीचे ध्वनिमुद्रण लागले होते. सोसायटीच्या तळघरात गाडी लावली, इंजिन बंद केले, आणि त्या क्षणी तानपुरा असा स्वच्छ वर आला की मी उतरलोच नाही. काचा बंद, वरच्या नळीतून पाणी ठिबकते आहे, समोर भिंतीवर गाळ्याचा क्रमांक, आणि बडा ख्याल विलंबितात नुकता सुरू झालेला. चाळीस मिनिटांनी पहारेकऱ्याने काचेवर टकटक केली; त्याला वाटले, साहेबांना काही झाले.

तेव्हा ‘मागची सीट’ यांना एवढे देतो: मोटार ही उत्तम बैठक आहे, फक्त ती जागची हलता कामा नये.

मागची सीट:

ही माघार आहे की टोमणा, हे ठरवता येत नसल्याने दोन्ही स्वीकारतो. घरी बंद दाराची खोली असलेला माणूस तळघरात का बसला, हा प्रश्न मात्र मी विचारणार नाही.

खर्ज:

खोलीत नातवंडांचा पाळणा आला आहे. पुढे बोलू नये.

एडिसनकर:

म्हणजे अखेर जागेचाच प्रश्न निघाला. मला तर पहिल्या प्रतिसादापासून हेच वाटत होते.

मागची सीट:

‘पहिला गिअर’ यांच्या समाधानासाठी काल सकाळी निघताना चालकाला सरळ विचारले. आधी तो ‘काही पण चालतं, साहेब’ म्हणाला. मी पुन्हा विचारले. तेव्हा त्याने जे सांगितले ते जसेच्या तसे देतो: ‘मारवा वाईट नाही, पण त्यानं पोटात कसंतरी होतं, कोणी जाऊन परत आलं नाही असं वाटतं. आणि घाटात बंद ठेवलं तर बरं. चढाला गाडी काय म्हणते ते ऐकावं लागतं.’

काल खोपोलीच्या पुढे चढ लागल्यावर बंद ठेवले. वीसेक मिनिटे आम्ही दोघेही गाडीचा आवाज ऐकत होतो. मला त्यातले काही कळले नाही; त्याने मात्र खंडाळ्याला थांबून उजवे पुढचे चाक पाहिले आणि हवा भरून घेतली.

पहिला गिअर:

विचारलेत, हे चांगले केलेत. ‘बिगारी’ हा शब्द मागे घेतो. बाकीचे जिथे आहे तिथेच आहे.

खर्ज:

मारव्याबद्दल त्याने जे सांगितले तेवढे नऊ रागांच्या टिपणात आपल्याला लिहिता आले नव्हते, एवढे नोंदवून ठेवतो. तानपुरा ऐकू न येताही त्याला ते कसे पोचले, याचा विचार करतो आहे. उत्तर सापडले तरी या धाग्यावर लिहीनच असे नाही.

संगतकार:

तबला?

मागची सीट:

पडद्यावर नाव येत नाही. चालकाला विचारले, तो म्हणाला, ‘जो कोण आहे, तो घाई करत नाही.’