नांदूर मधमेश्वर: फोटोसाठी मनोरा सोडून काठावर जावं का?

बांधावरचा
थंडी सुरू झाली की सुट्टीला नाशिकला आलेली मंडळी कॅमेरा घेऊन नांदूर मधमेश्वरचं पक्षी अभयारण्य गाठतात. पक्षी बघायच्या मनोऱ्यावरून पाखरं लहान दिसतात म्हणून पायवाट सोडून थेट पाण्याकडे चालत सुटतात. माझं स्पष्ट मत: वाट सोडायचीच नाही. थापट्या, चक्रवाक, तलवार बदक ही पाहुणी बदकं इथे परतीच्या प्रवासासाठी अंगात चरबी साठवतात. दर वेळी थवा उठवला की त्यातली थोडी खर्ची पडते. पाखरू उडालं म्हणजे आपण फार जवळ गेलो, फोटो कितीही झकास येवो.

पाणकाठ
अजिबात पटत नाही. हिशेब बघा. अर्ध्या मीटरचा थापट्या शंभर मीटरवर, कॅमेरा एपीएस-सी (मध्यम आकाराच्या सेन्सरचा), लेन्स ३०० मिमी. सेन्सरवर तो दीड मिलिमीटर लांब उमटतो. २४ मेगापिक्सेलच्या फोटोत सहा हजारांपैकी पावणेचारशे पिक्सेल. तेच ४० मीटरवरून साडेनऊशे होतात. म्हणजे ज्याच्याकडे ६०० मिमीची महागडी लेन्स आहे त्यानेच फोटो काढायचे, बाकीच्यांनी बघत बसायचं? शिवाय मनोऱ्यावरून सगळं वरून दिसतं, पक्ष्याची पाठ आणि मागे गढूळ पाणी. काठावर म्हशी चरतात, शेतकरी मोटार चालू करायला येतात, तेव्हा एक बदक हलत नाही. अभयारण्याबाहेरच्या काठावर मालकाला विचारून, सकाळी उजाडायच्या आत जाऊन बसा. मातकट कपडे, कॅमेरा गुडघ्यापेक्षा खाली, सूर्य पाठीशी. पाखरंच पोहत जवळ येतात.

बांधावरचा
म्हैस पाखरांकडे रोखून चालत नाही, चरत तिरकी पुढे जाते. पर्यटक नाकासमोर पाखराकडे चालतो, थांबतो, नळी रोखतो. शिकारी प्राणी असाच येतो. आधीच जाऊन बसणं वेगळं, त्याला माझी हरकत नाही. पण किती जण दोन तास बसतील? पोरंबाळं बरोबर असतात.

आणि ३०० मिमी घेऊन लहान बदकामागे लागताच कशाला? रोहित पक्षी (फ्लेमिंगो) जवळपास १.३ मीटर उंच. शंभर मीटरवरूनही तो चौकटीच्या उंचीचा चौथा हिस्सा व्यापतो. थवा, पाणी, धुकं सगळं एकत्र घ्या. बसलेल्या पाखराला शटर १/८०० सेकंद, उडत्याला १/२०००, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ऑटोवर. काळ्या पाण्यावर पांढरा बगळा असला की कॅमेरा फसतो आणि पिसं पांढरीफटक करतो, एक्स्पोजर ०.७ ते १ स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट) खाली आणा. उजळ आभाळात उडणारा काळा पाणकावळा असेल तर उलट, एक स्टॉप वर.

ऊन तापलं की जमिनीवरची हवा थरथरते. मग ६०० मिमीलाही तपशील मिळत नाही, आणि लोक लेन्सला दोष देतात.

येवलेकर माळ
येवल्याजवळच्या ममदापूरच्या माळावरल्या काळविटांबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून लिहितो. तिथे पाणकाठ यांची पद्धत चालणार नाही. माळावर माणूस पायी दिसला की कळप लांबूनच पळतो, थांबलेल्या गाडीला मात्र बराच वेळ खपवून घेतो. रस्त्यावरच थांबा, इंजिन बंद करा (चालू इंजिनाची थरथर फोटोत उतरते), खिडकीत दोन किलो तांदळाची पिशवी ठेवून लेन्स टेकवा. मादीने मान वर करून चरणं थांबवलं की हालचाल बंद. पुन्हा चरू लागली तरच पुढचा फोटो. कळपामागे गाडी घालणं हा गुन्हाच: १९७२ च्या वन्यजीव कायद्यात प्राण्याला पिटाळणंही शिकारीत धरलंय. आणि उन्हाळ्यात पाणवठ्याजवळ दडून बसू नका. तहानलेला कळप दुरूनच परत फिरतो.

पाणकाठ
पाणवठ्याचं मान्य. टिटवीच्या अंड्यांचंही तसंच: ती उघड्यावर, दगडगोट्यांत असतात, आई उठली की उन्हात तापतात. विणीच्या दिवसांत काठावर बसायचं मीही सांगणार नाही. पण हिवाळ्यात, शांत बसून, बाहेरच्या काठावरून? तिथे माझं मत बदललेलं नाही.

बांधावरचा
मग निदान ती जागा नकाशाच्या खुणेसह टाकू नका. एकाने शांत बसून काढलेल्या फोटोखाली ठिकाण दिसलं की पुढच्या रविवारी तिथे पंधरा गाड्या उभ्या राहतात, आणि त्यातला एकही पहाटे आलेला नसतो.