आठ वर्षांची अल्टो : भाव आलाय तोवर काढावी का ठेवावी?

बावडेकरीण
17 जुलै 2022

नमस्कार मंडळी. कसबा बावड्यातून लिहितेय. आमची 2014 ची अल्टो 800 आहे. एलएक्सआय, पांढरी, एमएच 09 पासिंग, पहिली मालकी आमचीच. रनिंग 78 हजार.

माझा कांदा-लसूण चटणीचा धंदा आहे. सोमवार-गुरुवार शिरोली, हातकणंगले, इचलकरंजी, जयसिंगपूर अशी फेरी असते, जाऊन-येऊन नव्वद किलोमीटर. मागची सीट पाडायची, रबरी मॅट अंथरायची, की पाच किलोचे बारा डबे आणि पाकिटांचे दोन क्रेट नीट बसतात. डबा कितीही घट्ट लावला तरी तेल थोडं पाझरतंच. मॅटच्या कडेला लाल रेघ उमटलीय, ती साबणानं जात नाही. तो वास आता गाडीचाच झालाय.

परवा कावळा नाक्याजवळच्या एका व्यापाऱ्यानं गाडी फिरवून बघितली आणि 2 लाख 40 हजार सांगितले. शेजाऱ्यांनी 2019 ला एवढ्याच वयाची अल्टो 1 लाख 70 हजाराला काढली होती. नव्या गाड्या मिळत नाहीत म्हणून जुन्याला भाव आहे, परत असा दर यायचा नाही, असं तो म्हणतो. त्यात खोटं काही नाही. मिस्टर गोकुळ शिरगावला फौंड्रीत आहेत. गाडीत बसणाऱ्या इलेक्ट्रॉनिक चिप नाहीत म्हणून नव्या गाड्या अडल्या आणि मागच्या वर्षी त्यांच्याकडच्या कास्टिंगच्या ऑर्डरीही पुढं गेल्या, हे घरातच बघितलंय.

सासरे म्हणतात, काढून टाका, पैसे येतायत तोवर घ्या. माझं मन होत नाही. पण क्लच जड झालाय, पुढचे दोन टायर गुळगुळीत झालेत. पुढच्या वर्षी हीच गाडी दीड लाखाला मागितली तर सगळे मलाच बोलतील. काय करावं?

---

उद्यमनगर_गॅरेज

ताई, बावीस वर्षं ह्याच कामात आहे. व्यापाऱ्यानं पहिल्याच बैठकीत 2.40 सांगितले म्हणजे गाडी चांगली आहे. एवढं त्याच्याकडूनच कळलं.

क्लच प्लेट, प्रेशर प्लेट मजुरीसकट साडेपाच-सहा हजार. 12 इंची दोन टायर पाच-साडेपाच. आणि एक विचारतो, टायमिंगचा पट्टा बदललाय का? 800 च्या इंजिनाला पट्टा असतो, चेन नसते. कंपनीची मुदत लाखाच्या आसपासची, पण आठ वर्षांचं रबर आहे, किलोमीटरची वाट बघू नका. फेरीत तुटला तर गाडी जागेवर उभी राहील आणि माल उन्हात. सगळं मिळून चौदा हजारांत गाडी पुढची चार-पाच वर्षं ओढेल.

गाडीला पुराचं पाणी लागलं होतं का 2019 ला किंवा 2021 ला?

---

बावडेकरीण

पट्टा नाही बदललेला. पाणी नाही लागलं दादा. दोन्ही वेळा पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी चाळीस फुटांवर गेल्याचं कळलं तशी गाडी राजारामपुरीत मावशीकडं नेऊन लावली. 43 च्या धोका पातळीची वाट बघितली नाही.

---

गडहिंग्लजकर

ताई, मी विकून बसलोय म्हणून सविस्तर लिहितो.

2013 ची वॅगन आर होती. मागच्या नोव्हेंबरात अपेक्षेपेक्षा पन्नास हजार जास्त मिळाले, घरात पेढे वाटले. नवी गाडी बुक केली, तीन महिने सांगितले होते, मिळाली सात महिन्यांनी. मधल्या काळात किंमत वाढली, ती माझ्याच बोकांडी, कारण बुकिंगचा दर धरत नाहीत, डिलिव्हरीच्या दिवशीचा धरतात. सात महिने आईला तपासायला कोल्हापूरला आणायचं म्हणजे प्रत्येक वेळी भाड्याची गाडी, पेट्रोलसकट अडीच हजार. वर मिळालेले पन्नास हजार कुठं गेले ते मला आठवायची गरज नाही, वहीत लिहिलेलं आहे.

दुसरं जास्त जिव्हारी लागलं. ज्या व्यापाऱ्याला दिली त्यानं टीटी फॉर्मवर, म्हणजे मालकी बदलायच्या कागदांवर, सह्या घेतल्या, महिन्यात नावावर करतो म्हणाला. गाडी पुढं बेळगावकडं गेली. आरसीवर नाव माझंच. मार्चमध्ये मोबाईलवर वेगाचं चलन आलं, मग आणखी एक. ते पैशाचं झालं. पण कुणाला ठोकर बसली असती तर? 2018 ला सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलंय, आरसीवर ज्याचं नाव तोच मालक, भरपाईची जबाबदारी त्याच्यावर. तीन आठवडे मला झोप नव्हती. शेवटी भावाला घेऊन दुकानात जाऊन बसलो, तेव्हा कागद हलले.

विकायचीच असेल तर मालकी बदलायचे फॉर्म 29 आणि 30 भरून ऑनलाइन अर्ज झाल्याची पावती हातात घ्या, गाडी ताब्यात देतानाचा दिवस आणि वेळ लिहून सही घ्या, घेणाऱ्याच्या आधारची प्रत ठेवा. कर्नाटकात जाणार असेल तर आरटीओची एनओसी आधी, किल्ली नंतर. कोऱ्या फॉर्मवर सही करू नका. कितीही ओळखीचा असला तरी.

---

रंकाळाकाठ

मी बँकेतून निवृत्त झालोय, मला आकड्यांतच कळतं.

नवी अल्टो रस्त्यावर येईपर्यंत आज पावणेपाच लाखांच्या पुढं जाते. तुमचे 2.40 घातले तर उरलेल्या सुमारे 2.40 लाखांचं कर्ज. 9 टक्क्यांनी पाच वर्षांना हप्ता पाच हजार, आणि एकूण व्याज साठ हजारांच्या जवळ. म्हणजे चढ्या भावाचे जे सत्तर हजार तुम्हाला वरचे दिसतायत, ते जवळपास सगळे व्याजात गेले. जुन्याचा भाव चढलाय तसा नव्याचाही चढलाय. विकणारी गाडी आणि घेणारी गाडी एकाच बाजारात आहेत, त्यामुळं नफा तेव्हाच, जेव्हा दुसरी घ्यायचीच नसेल.

तुमचं तसं नाही. महिन्याला आठ-नऊ फेऱ्या, 750 किलोमीटर धरा. 18 चं ॲव्हरेज, म्हणजे 42 लिटर. मे महिन्यात केंद्रानं पेट्रोलवरची अबकारी आठ रुपयांनी कमी केली, गुरुवारी राज्यानं आणखी पाच रुपये उतरवले. आता 106 धरले तर साडेचार हजार रुपये. छोटा हत्ती भाड्यानं घेतला तर फेरीला दीड हजाराच्या खाली कुणी येत नाही, म्हणजे बारा-तेरा हजार. नवी गाडी पाच महिने थांबून मिळाली तर चाळीस हजार नुसत्या वाट बघण्यात जातील. बाकी खर्च हलकाच आहे. हजार सीसीच्या आतल्या गाडीचा थर्ड पार्टी विमा जूनपासून 2,094 रुपये आहे. नोंदणी 2029 पर्यंत. त्यानंतरचं शुल्क मात्र ह्या एप्रिलपासून 600 चं 5,000 झालंय, ते ध्यानात ठेवा.

एका गोष्टीवर मी थांबतो. 2014 च्या एलएक्सआयला एअरबॅग नाही. चालकाची एअरबॅग सक्तीची झाली जुलै 2019 पासून. तुम्ही एकट्या, हायवेवर, आठवड्यातून दोनदा. मुलीच्या वयाची कुणी विचारते तेव्हा हे सांगायलाच पाहिजे. पुढं-मागं गाडी बदलाल तेव्हा रंग, म्युझिक काही बघू नका, हे बघा. आणि विम्याचा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, गाडीबरोबर देऊन टाकू नका, तो मालकाचा असतो. कंपनीकडून पत्र घेतलं तर तीन वर्षांच्या आत नव्या गाडीला लावता येतो.

---

उद्यमनगर_गॅरेज

काकांचं बरोबर आहे. त्यात एक भर. कुणी म्हणेल नवी नको, दुसरी जुनी घ्या, एअरबॅगवाली. तर आत्ता पावसाळ्यात जपून. पुरातल्या गाड्या धुऊन पुसून बाजारात आल्यात. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघायचा, आत मातीची रेघ असते. सीटखालचे बोल्ट आणि कार्पेटच्या खालचा पत्रा हात घालून बघायचा. वरून सगळं चकाचक असतं.

---

बावडेकरीण
20 जुलै 2022

सगळ्यांचं वाचून दाखवलं घरी. गडहिंग्लजकर, तुमच्या चलनाचं ऐकून सासरे गप्प झाले. त्यांना जुन्या दिवसांतलं माहीत होतं, सही केली की विषय संपला.

काल व्यापाऱ्याचा फोन आला, 2 लाख 50 म्हणाला. मी विचारलं, नावावर झाल्याची पावती मिळाल्यावर किल्ली दिली तर चालेल का. तो म्हणाला, बघू ताई, एवढं कुणी करत नाही. तिथंच माझं ठरलं.

ठेवतेय. रंकाळाकाठ काका, एअरबॅगचं डोक्यात राहिलंय. हप्ता भरतोय असं समजून ह्या महिन्यापासून तीन हजार वेगळ्या खात्यात टाकणार आहे. तोवर साठच्या वर न्यायची नाही आणि जयसिंगपूरहून अंधार पडायच्या आत निघायचं, हे मिस्टरांशी बोलून झालंय.

उद्यमनगरवाले दादा, गुरुवारची फेरी झाली की शुक्रवारी सकाळी गाडी आणते. आधी पट्टा, मग क्लच. टायर मात्र फेरीच्या आधीच घालून घेते, शिरोलीच्या पुढं रस्त्यावर पाणी साचलेलं असतं.