मदत हवी आहे: हरणाच्या सीझनमध्ये ग्राउंड ब्लाइंड लांबून दिसावा म्हणून काय करू?

वॉकेशावाला:

मंडळी, विषय जरा विचित्र वाटेल पण इथे अमेरिकेत हंटिंगला जाणारे दोनचार जण आहेत हे जुन्या धाग्यांवरून माहितीये म्हणून विचारतोय. मी विस्कॉन्सिनमध्ये, मिलवॉकीच्या पश्चिमेला असतो. शेजारच्या म्हाताऱ्याच्या नादाने तीन वर्षांपूर्वी हंटर सेफ्टीचा कोर्स केला (१९७३ किंवा त्यानंतर जन्मलेल्याला तो केल्याशिवाय एकट्याने जाता येत नाही) आणि तेव्हापासून दर नोव्हेंबरला जातो. हरीण अजून एकच मिळालंय, ते सोडा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ग्राउंड ब्लाइंड म्हणजे छत्रीसारखा फटकन उघडणारा छोटा चौकोनी तंबू, आत स्टूल टाकून बसायचं, चारी बाजूंना खिडक्या. पक्ष्यांचे फोटो काढणारे लोक ज्याला लपण म्हणतात तेच. बाहेरून सगळा पानाफांद्यांचा प्रिंट, म्हणजे हरणाला कळू नये म्हणून, आणि घोळ तिथेच आहे की माणसालाही कळत नाही.

गेल्या वर्षी ओपनिंग डेला (थँक्सगिव्हिंगच्या आधीचा शनिवार) पहाटे पाचला केटल मोरेनच्या जंगलात जाऊन ब्लाइंड लावला, टपावर ऑरेंज कापड क्लिपांनी अडकवलं, आत बसलो. सहाच्या सुमारास बर्फ सुरू झाला, मी आपला मजेत थर्मासमधला चहा पीत. साडेसातला समोरच्या खिडकीतून बघतो तर एक माणूस रायफल खांद्याला लावून तिच्यावरच्या स्कोपमधून (नेमाच्या दुर्बिणीतून) थेट माझ्याकडे बघतोय. चाळीसेक पावलांवर. तोंडातून इंग्लिश निघालंच नाही हो, "ए ए ए थांब थांब" असा मराठीत बोंबललो. त्याने बंदूक खाली केली, जवळ आला, त्याचीच बोबडी वळली होती. म्हणाला खिडकीत काहीतरी काळं हललं म्हणून काय आहे ते बघत होतो. स्कोपने बघत होता! दुर्बीण गळ्यात लटकत होती त्याच्या.

तो गेल्यावर बाहेर येऊन बघितलं तर टपावर दोन इंच बर्फ, ऑरेंज कापडाचा एक कोपरा फक्त बाहेर. अंगावर ऑरेंज जॅकेट, टोपी सगळं होतं पण ते आत, काळोखात. हात इतके थरथरत होते की थर्मासचं झाकण लागेना, नऊ वाजता गाशा गुंडाळून घरी. बायकोला अजून पूर्ण सांगितलेलं नाही, ती इथे वाचत नाही ही देवाची कृपा.

तर प्रश्न. डीएनआरच्या (राज्याच्या नैसर्गिक संसाधन खात्याच्या) जमिनीवर नियम असाय की गन सीझनमध्ये ब्लाइंडवर कमीत कमी १४४ चौरस इंच सलग ऑरेंज किंवा फ्लोरोसंट गुलाबी सगळ्या दिशांनी दिसलं पाहिजे. १४४ म्हणजे फूट बाय फूट, हातरुमालाएवढं. नियमात बसायचं तर मी बसलोच होतो की, बर्फ पडेपर्यंत. मला खरंच दिसेल असं काहीतरी हवंय, वाऱ्याने फडफडणार नाही असं, आणि रोज संध्याकाळी ब्लाइंड काढून न्यायचा असतो त्यामुळे अंधारात, हातमोजे घालून दोन मिनिटांत लावता आलं पाहिजे. कोण काय वापरतं?

निवडुंग:

मुक्या जिवाला मारायला तंबू ठोकून बसायचं आणि वर स्वतःच्या सेफ्टीची काळजी. गंमत आहे. आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने हे बंद झालं ते बरं झालं.

वॉकेशावाला:

मत मान्य आहे, खरंच. पण इथे लांडगे कमी आणि हरणं बक्कळ, रस्त्यावर गाड्यांना धडकून मरतात, त्यांच्यात तो सीडब्ल्यूडी नावाचा मेंदूचा जीवघेणा रोग आहे, आणि राज्यच परमिट देऊन संख्या आटोक्यात ठेवतं. वाद घालायचा असेल तर वेगळा धागा काढा, मी येतो तिथे. इथे नको प्लीज.

दहाहजारतळी:

मी शेजारी मिनेसोटात, अकरा सीझन झाले. तुमची चूक सांगू का, ऑरेंज फक्त टपावर. टप ही बर्फाची जागा. आमच्याकडे सरकारी जमिनीवर कापडी ब्लाइंडला दोन पर्याय असतात, टपावर चहूबाजूंनी दिसेल असं ऑरेंज किंवा मग प्रत्येक बाजूला १४४ चौरस इंच. मी दोन्ही करतो. तुकडे लावायचे ते खिडक्यांच्या वर, टपाच्या काठाला लागून, कारण खाली लावले की वाळलेलं गवत आणि झुडपं झाकून टाकतात. जमिनीवर उकिडवं बसून बघू नका, माणूस चालत येतो तेव्हा त्याचा डोळा साडेपाच फुटांवर असतो आणि टेकडीवरून उतरत असेल तर आणखी वर.

सर्वात सोपं म्हणजे सलग पट्टा. कापडाच्या दुकानातून फ्लोरोसंट ऑरेंज पॉलिस्टर वारावर घ्या, फूटभर रुंद पट्टा शिवून घ्या, ब्लाइंडच्या कपाळाभोवती गुंडाळा. चकचकीत प्लॅस्टिक ताडपत्री घेऊ नका, थंडीत कडक होते आणि कुरकुर वाजते. फ्लॅगिंग टेप (खुणेसाठी झाडाला बांधतात ती रंगीत फीत) तर अजिबात नको, एवढ्याशा वाऱ्याने वळवळते आणि हरणाला रंग नाही कळला तरी हालचाल बरोबर कळते. आणि कॅमो, म्हणजे पानाफांद्यांच्या प्रिंटवालं ऑरेंज मिळतं ते "सलग" मध्ये धरत नाहीत.

अजून एक, फ्लोरोसंट रंग उन्हाने विटतो. माझा चार वर्षं वापरलेला पट्टा नवीन टोपीशेजारी धरला तर पीचसारखा दिसत होता, मला त्या दिवशी कळलं.

तळकोकणी:

आमचे आजोबा पारधीच्या गोष्टी सांगायचे, हाकारे एका बाजूने आरडाओरडा करत येणार आणि बंदूकवाले दुसऱ्या बाजूला वाटा धरून. पहिला नियम काय तर एकदा बसलेली जागा सोडायची नाही, कारण बाकीच्यांनी तुम्हाला त्या जागी धरलेलं असतं. तुमच्याकडे पण असं हाकून काढतात ना? मग तुमचा तंबू मधेच असेल तर त्यांना कसं कळणार? रंग ठीक आहे पण जागा कुठली निवडता ते पण सांगा. आजोबा मोठ्या झाडाला पाठ लावूनच बसायचे.

वॉकेशावाला:

हो हो, इथे त्याला ड्राइव्ह म्हणतात, दुपारनंतर लोक बसून कंटाळले की आठदहा जण मिळून रान हाकतात. मी मागे दोन पाऊलवाटांच्या बेचक्यात बसलो होतो, आता वाटतं तो मूर्खपणाच होता. या वेळी मागे जाड ओक बघून बसणार. आणि त्या ओकच्या खोडालाच, डोक्याच्या उंचीवर, जुना ऑरेंज व्हेस्ट बांधला तर?

दहाहजारतळी:

उत्तम. बांधाच, फक्त जाताना काढून आणा. पहाटे अंधारात चालताना हेडलॅम्प चालू ठेवत जा, बरेच जण हरीण बिचकेल म्हणून बंद ठेवतात. ऑरेंज अंधारात टॉर्चला चमकत नाही, त्यासाठी रिफ्लेक्टिव्ह पट्टी वेगळी लागते. आणि हरीण मिळालं तर ओढून आणताना त्याच्या अंगावर पण ऑरेंज टाका, नाहीतर झुडपातून तपकिरी पाठ सरकताना दिसते आणि त्यापुढे तुम्ही.

वॉकेशावाला:

हे डोक्यातच आलं नव्हतं! पण एवढं सगळं ऑरेंज बघून हरीण येईल का हो? शेजारी म्हणतो येतं, पण तो बोलायला काय, त्याच्याकडे पन्नास वर्षांचा हात आहे.

डोळसबुवा:

येतं. हरणाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या, एक निळ्याकडची आणि एक हिरव्या-पिवळ्याकडची, आपल्याला तीन असतात. जॉर्जिया विद्यापीठात १९९२ मध्ये हे मोजून बघितलं होतं. ऑरेंज त्याला मळकट पिवळंकरडं काहीतरी दिसत असणार, गवतासारखंच. उलट निळं त्याला आपल्यापेक्षा चांगलं दिसतं, त्यामुळे आत जीन्स घालून बसू नका आणि तो पट्टा "कपडे शुभ्र" वाल्या डिटर्जंटने धुऊ नका, त्यातली चकाकी निळसर असते.

अवांतर: युरोपियन वंशाच्या बारा पुरुषांत साधारण एकाला लाल-हिरव्याचा घोटाळा असतो. म्हणजे तुमच्या रानात फिरणाऱ्या प्रत्येकाला तुमचं ऑरेंज तुमच्याइतकं ऑरेंज दिसेलच असं नाही. म्हणून नुसत्या रंगावर नको, मोठा, सलग, ठळक आकार ठेवा. हातरुमालाचे चार तुकडे कुणाला वाळकी पानं वाटू शकतात, सरळ कडेचा पट्टा रानात दुसरं काही वाटत नाही.

निवडुंग:

विरोध कायम आहे, पण तो ओरडलेला प्रसंग वाचून पोटात गोळा आला. एक शिटी गळ्यात ठेवा.

वॉकेशावाला:

निवडुंग, शिटी घेतली, मनापासून आभार.

सर्वांना अपडेट. आई सध्या इथे आलीये, तिला शनिवारी कापड दाखवलं आणि म्हटलं असा पट्टा शिवून दे, डब्याभोवती बसला पाहिजे आणि सुटला नाही पाहिजे. तिने दोन मिनिटं ब्लाइंडभोवती फेरी मारली आणि म्हणाली एवढंच ना, परकराला घालतो तसा नेफा घालते, नाडी ओढ की बसेल. आणि बसला! वरच्या काठाला नाडी, खाली एका कडेला वेल्क्रो, हातमोजे घालून ४० सेकंदांत होतं, घड्याळ लावून बघितलं. टपावर वेगळा तुकडा आहेच, बर्फ साचला तर आतून हाताने थोपटून पाडायचा.

काल मुलाला घेऊन मागच्या माळावर टेस्ट केली. त्याला शंभर पावलं लांब पाठवून चारी बाजूंनी फिरवला आणि प्रत्येक ठिकाणी फोनवर विचारलं दिसतंय का. तीन बाजूंनी लख्ख. पूर्वेकडून सकाळचं ऊन त्याच्या डोळ्यावर आलं तेव्हा म्हणाला बाबा नुसता काळा डबा दिसतोय. म्हणजे संध्याकाळी पश्चिमेकडून येणाऱ्याचं पण तसंच होणार... नाही, थांबा, उलटं. ज्याच्या समोर सूर्य आणि मधे ब्लाइंड त्याला. म्हणजे सकाळी माझ्या पश्चिमेला असलेल्याला दिसणार नाही, मुलगा तेव्हा पश्चिमेलाच होता, मीच दिशा चुकलो. तर त्या बाजूला ओकचं खोड येईल असं बसायचं ठरवलंय.

नाडीचं टोक तेवढं लोंबतंय, ते आईने आत खोचायला सांगितलंय.