जावई माहेरी आणि कामाच्या ठिकाणी येऊन त्रास देतात. संरक्षण आदेश तासगावच्या न्यायालयात मिळेल की वडूजलाच जावे लागेल?

थोरली बहीण, तासगाव तालुका

नमस्कार. धाकट्या बहिणीसाठी विचारत आहे. तिचे सासर सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यात आहे. लग्नाला सहा वर्षे झाली असून तिला चार वर्षांची मुलगी आहे. मारहाण पहिल्या वर्षापासूनच होती, पण संसार मोडू नये म्हणून ती बोलली नाही आणि आम्हीही तिला दोनदा समजूत घालून परत पाठवले, याचे आज फार वाईट वाटते. दिवाळीनंतर एका रात्री मुलीला कडेवर घेऊन ती नेसत्या लुगड्यानिशी आमच्याकडे आली. दागिने, मुलीचा जन्मदाखला, आधार कार्ड सगळे सासरीच राहिले.

आता ती गावाजवळच्या बेदाणा शेडवर निवडणीच्या कामाला जाते. गेल्या दीड महिन्यात जावई तीन वेळा शेडवर आले. तिसऱ्या वेळी त्यांनी सगळ्या बायकांसमोर तिच्या पुढ्यातला निवडलेला बेदाणा जमिनीवर उलटा केला आणि केस धरून तिला दारापर्यंत ओढत नेले. शेडमालक भले गृहस्थ आहेत, पण पुन्हा असे झाले तर तिला कामावर ठेवणे अवघड होईल, असे त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितले. पोलीस ठाण्यात गेलो तेव्हा अदखलपात्र नोंद, म्हणजे कोर्टाच्या आदेशाशिवाय पोलीस जिचा तपास करत नाहीत अशी नोंद, करून घेतली आणि नवरा-बायकोचा मामला आहे, कोर्टाचा आदेश आणा, असे सांगण्यात आले. ओळखीचे एक गृहस्थ म्हणतात की, दावा सासरच्या तालुक्यातच, म्हणजे वडूजला लावावा लागेल. तिथे जायला ती घाबरते.

तिला आत्ता घटस्फोट नको आहे. तिचे म्हणणे एवढेच आहे की, त्यांनी शेडवर येऊ नये आणि मुलीला उचलून नेऊ नये. असा आदेश कसा मिळवायचा, कोणाकडे जायचे आणि खर्च किती येईल, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

वकील, मिरज

ताई, पहिल्या शंकेचे उत्तर आधी देतो, म्हणजे तुमच्या बहिणीचा जीव थोडा भांड्यात पडेल. वडूजला जाण्याची गरज नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ हा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्याच्या कलम २७ नुसार पीडित महिला जिथे कायमची किंवा तात्पुरती राहते, जिथे नोकरी-व्यवसाय करते, जिथे सामनेवाला (ज्याच्याविरुद्ध अर्ज आहे तो) राहतो किंवा जिथे हिंसाचाराची घटना घडली, त्यांपैकी कोणत्याही ठिकाणच्या प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. तुमची बहीण तासगाव तालुक्यात राहते, तिथेच काम करते आणि शेडवरच्या घटनाही तिथेच घडल्या, म्हणून तासगावचे न्यायालय तिन्ही अंगांनी चालते. तिथून मिळालेला आदेश संपूर्ण भारतात लागू असतो. आधार कार्डावर सासरचा पत्ता असला तरी अडत नाही. वडिलांचे रेशनकार्ड, मुलीचे अंगणवाडीत नाव घातले असल्यास त्याचा दाखला आणि शेडमालकांचे पत्र जोडावे.

हा अर्ज कलम १२ खाली होतो. तो बहीण स्वतः देऊ शकते, वकिलामार्फत देऊ शकते किंवा महिला व बालविकास विभागाच्या संरक्षण अधिकाऱ्यांमार्फतही देऊ शकते. संरक्षण अधिकारी तिची हकीकत ऐकून ठरावीक नमुन्यात घटना अहवाल तयार करतात आणि तो न्यायालयाला व संबंधित पोलीस ठाण्याला पाठवतात. हा अहवाल उपयोगी असतो, पण तो नसेल तर अर्जच घेता येत नाही ही समजूत चुकीची आहे. अहवालाशिवायही दंडाधिकारी आदेश करू शकतात, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये प्रभा त्यागी यांच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. अहवालासाठी आठवडेच्या आठवडे थांबलेल्या बायका मी पाहिल्या आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहितो. संरक्षण अधिकाऱ्यांचा पत्ता १८१ या महिला हेल्पलाइनवर मिळेल.

खर्चाची काळजी करू नका. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे कोणत्याही महिलेला, तिचे उत्पन्न कितीही असले तरी, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. तासगाव न्यायालयातल्या तालुका विधी सेवा समितीकडे एक साधा अर्ज द्यावा. १५१०० या क्रमांकावरही चौकशी करता येते.

आता सर्वांत महत्त्वाचे. मूळ अर्जासोबतच कलम २३ खाली अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतच्या, आदेशाचा वेगळा अर्ज आणि शपथपत्र द्या, आणि परिस्थिती तातडीची असल्याने सामनेवाल्याला ऐकण्यापूर्वीच, म्हणजे एकतर्फी, आदेश व्हावा अशी विनंती त्यात स्पष्ट शब्दांत करा. कायद्यात पहिली तारीख साधारणपणे तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत लावण्याचा प्रयत्न करावा असे म्हटले आहे. प्रत्यक्षात नोटीस बजावली न जाणे, वकीलपत्रासाठी मुदत, म्हणणे देण्यासाठी मुदत, अशा तारखांवर तारखा पडत जातात. अंतरिम आदेश हातात नसेल तर तो सगळा काळ तुमची बहीण शेडवर आज जशी आहे तशीच उघडी राहील.

न्यायालय बहुधा जे मागितले आहे तेच देते, म्हणून मागण्या मोघम ठेवू नका. ‘संरक्षण द्यावे’ एवढे लिहून भागत नाही. सामनेवाल्याने अमुक गावच्या अमुक बेदाणा शेडवर जाऊ नये, माहेरच्या घरी येऊ नये, मुलीच्या अंगणवाडीत जाऊ नये, फोन किंवा निरोप करू नये आणि हे काम दुसऱ्या कोणाकरवीही करून घेऊ नये, असे एकेक ठिकाण नावानिशी कलम १८ खाली मागा. मुलीचा तात्पुरता ताबा कलम २१ खाली, दागिने आणि कागदपत्रे परत मिळणे कलम १९ खाली, खर्चाची रक्कम कलम २० खाली मागावी. मनाई मात्र कलम १८ खालीच हवी, कारण आदेश मोडल्याची शिक्षा सांगणाऱ्या कलम ३१ मध्ये ‘संरक्षण आदेश’ किंवा ‘अंतरिम संरक्षण आदेश’ असेच शब्द आहेत. एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी ती शिक्षा आहे आणि हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे.

माणदेशी बाई

वकीलसाहेबांनी कायदा सांगितला. मी या वाटेने स्वतः गेले आहे, म्हणून अर्ज लिहिण्याविषयी सांगते. माझ्या पहिल्या अर्जात ‘सामनेवाले अर्जदारास वारंवार शारीरिक व मानसिक त्रास देत असत’ असे वाक्य होते आणि पुढची दोन पाने तशीच होती. न्यायाधीश बाईंनी अर्ज वाचून मला शांतपणे विचारले, ‘शेवटचे कधी मारले?’ मला सांगता आले नाही. रोजच्याच गोष्टीची तारीख कोण लक्षात ठेवते? त्या दिवशी एकतर्फी आदेश झाला नाही.

पुढच्या तारखेपूर्वी मी आणि आई एक शंभर पानी वही घेऊन बसलो. तारीख आठवत नव्हती, पण प्रसंग आठवत होते. बेंदराच्या आदल्या दिवशी तव्याने हात भाजला. जावेच्या मुलाच्या बारशाला जाऊ दिले नाही आणि कोंडून ठेवले. सिद्धनाथाच्या जत्रेहून परत आल्यावर कान फुटला आणि दुसऱ्या दिवशी दहिवडीच्या डॉक्टरांकडे टाके घातले. सण धरून आम्ही दिनदर्शिकेत मागे गेलो आणि तारखा सापडल्या. डॉक्टरांच्या वहीतली नोंदही निघाली. वकिलांनी त्याच अर्जाला पुरवणी शपथपत्र जोडले आणि त्या तारखेला अंतरिम आदेश मिळाला.

तुमच्या बहिणीकडे तर परक्या माणसांसमोर घडलेली घटना आहे. त्या वेळी शेडवर असलेल्या दोन-तीन जणींना शपथपत्र द्याल का, असे आत्ताच विचारा. नंतर हंगाम संपतो, बायका पांगतात, आणि घरचे लोक त्यांना कोर्टाच्या पायरीवर पाठवायला नको म्हणतात. हे मी दोष म्हणून सांगत नाही. माझ्या शेजारणीचेही तसेच झाले.

थोरली बहीण, तासगाव तालुका

आपणा दोघांचे मनापासून आभार. शेडवर कॅमेरे आहेत हे वाचता वाचता लक्षात आले. मालकांशी आजच बोलले, ते चित्रण द्यायला तयार आहेत. आणखी दोन शंका आहेत. सासरचे घर सासऱ्यांच्या नावावर आहे, त्यामुळे तिचा तिथे काही हक्क नाही असे ते लोक उघड म्हणतात. तसे आहे का? दुसरे म्हणजे, आमचे चुलते म्हणतात की कोर्टात जाण्याआधी दोन्हीकडच्या चार माणसांची बैठक लावू. बैठकीला नाही म्हटले तर पुढे कोर्टात आमच्यावरच बोट ठेवतील का?

वकील, मिरज

चित्रण लगेच पेनड्राइव्हवर घ्या, कारण अशा यंत्रात जुने चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसले जाते. ते न्यायालयात वापरण्यासाठी भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालील प्रमाणपत्र लागते; त्यावर कोणाची सही घ्यायची ते तुमचे वकील पाहतील. अदखलपात्र नोंदीची प्रतही अर्जाला जोडा.

घराबद्दल सासरचे लोक सांगतात ते अर्धसत्यही नाही. घर कोणाच्या नावावर आहे यावर कलम १७ मधला राहण्याचा हक्क अवलंबून नाही. सतीश चंदर आहुजा विरुद्ध स्नेहा आहुजा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये सांगितले की, पतीच्या नातलगांच्या मालकीचे घरसुद्धा सामायिक घर, म्हणजे जिथे राहण्याचा हक्क कलम १७ देते ते घर, ठरू शकते, मात्र तिने तिथे नांदण्याला काही स्थिरता असली पाहिजे. तुमची बहीण तिथे सहा वर्षे नांदली आहे. याचा अर्थ तिला त्या घराची मालकी मिळते असा नव्हे, आणि तिने तिथे परत जावेच असाही नव्हे. त्या घरात राहणे सुरक्षित नसेल तर कलम १९ प्रमाणे तशीच दुसरी सोय किंवा भाडे मागता येते.

बैठकीची अट या कायद्यात कुठेही नाही. बैठकीला न गेल्यामुळे अर्ज कमकुवत होत नाही. समुपदेशन करावे असे न्यायालयाला वाटल्यास ते कलम १४ खाली तसा आदेश करू शकते, पण तेथील नियम वेगळे आहेत. हिंसाचाराचे समर्थन करण्याची मुभा त्या समुपदेशनात सामनेवाल्याला नसते. गावच्या बैठकीत मात्र पहिला तास बहुधा त्यातच जातो की, तिनेही उलट उत्तर दिले होते. चुलत्यांचा मान राखायचा असेल तर त्यांना बैठक घेऊ द्या, पण अर्ज आधी दाखल करा आणि तिथे कोणत्याही कोऱ्या किंवा स्टॅम्पच्या कागदावर बहिणीने सही करू नये.

माणदेशी बाई

सहीबद्दल मीही हेच सांगणार होते. ‘यापुढे तक्रार नाही’ असे लिहिलेल्या कागदावर माझी सही बैठकीत घेतली होती आणि वर्षभराने तोच कागद माझ्यासमोर कोर्टात आला.

कऱ्हाडकर

मी काही वर्षे पोलीस दलात होतो, म्हणून आदेश मिळाल्यानंतरचे लिहितो. आदेशाची प्रत पीडित महिलेला विनामूल्य मिळते, तसे कलम २४ मध्येच आहे; प्रमाणित नकलेच्या निदान चार प्रती करून घ्या. एक शेडच्या हद्दीतील पोलीस ठाण्यात आणि एक सासरच्या हद्दीतील पोलीस ठाण्यात आवक क्रमांक टाकून द्या. न्यायालयाकडूनही प्रत जाते, पण ती ठाणे अंमलदाराच्या टेबलावर पोहोचेपर्यंत वेळ जातो. एक प्रत शेडमालकांकडे ठेवा. चौथी बहिणीच्या डब्याच्या पिशवीत, प्लास्टिकच्या पाकिटात घालून रोज तिच्याबरोबर असू द्या.

जावई पुन्हा आले तर घरी फोन न करता आधी ११२ लावावा आणि पहिलेच वाक्य असे बोलावे: ‘कोर्टाचा संरक्षण आदेश आहे आणि तो मोडला जात आहे.’ नुसते नवरा त्रास देतो असे सांगितले की समोरचा माणूस भांडण समजतो. आदेश मोडल्याचे सांगितले म्हणजे दखलपात्र गुन्ह्याची खबर होते आणि ती नोंदवून घेण्याशिवाय पर्याय राहत नाही. कलम ३२ नुसार एकट्या पीडित महिलेच्या साक्षीवरूनही न्यायालय आदेशभंग झाल्याचा निष्कर्ष काढू शकते, म्हणून साक्षीदार आणा असे कोणी म्हटल्यास घाबरू नये. शेडवर जे झाले त्यासाठी वेगळी फिर्यादही देता येते. पूर्वीचे कलम ४९८-अ आता भारतीय न्याय संहितेत कलम ८५ झाले आहे, आणि पीडितेने किंवा तिच्या रक्ताच्या नातलगांनी खबर दिली तर तो दखलपात्र गुन्हा आहे.

थोरली बहीण, तासगाव तालुका

आज सकाळी विधी सेवा समितीकडे अर्ज दिला. काल रात्री वही घेऊन बसलो होतो. बहिणीला पहिली आठवली ती वटपौर्णिमा. त्या दिवशी पूजेचे ताट फेकले होते आणि तिच्या कपाळावर अजून खूण आहे. एकूण अकरा प्रसंग लिहून झाले, त्यांपैकी सातांच्या तारखा दिनदर्शिकेवरून लागल्या. शेडवरच्या दोघी जणी शपथपत्र द्यायला तयार आहेत. त्यांतल्या एकीच्या नवऱ्यानेच सांगितले की, मी तुम्हाला गाडीवरून तासगावला सोडतो.