मदत हवी आहे: बाबांच्या हृदयाची भिंत जाड झाली आहे. फक्त बीपीमुळे की इन्सुलिनमुळेही?

नमस्कार. आम्ही इंदूरला राहतो. बाबा ६१ वर्षांचे. जिना चढून आल्यावर दम लागतो म्हणून टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) केला. रिपोर्टमध्ये 'कॉन्सेंट्रिक एलव्हीएच' (म्हणजे डाव्या कप्प्याची भिंत सगळीकडून जाड), भिंत १३ मिमी, ईएफ (दर ठोक्याला कप्प्यातलं किती रक्त बाहेर पडतं) ६० टक्के. झडपा चांगल्या आहेत. डॉक्टरांनी "हार्ट थोडं मोठं झालंय, बीपी सांभाळा" एवढंच सांगितलं. त्या 'मोठं'ने आईची झोप उडाली आहे.

बीपी १५८/९६. उपाशीपोटी साखर १०८, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.१. ताईने हट्टाने फास्टिंग इन्सुलिन करवून घेतलं, ते २२ आलं. बीपी सहा वर्षांपासून आहे. गोळी दोनदा सुरू झाली आणि "मला काही होत नाही" म्हणत बाबांनी दोनदा बंद केली. वजन ८४, सगळं पोटावर. सकाळी पोहे, वर मूठभर शेव आणि जीरावन (आमच्याकडचा खारट मसाला), हे कधी चुकत नाही. आईने आता स्वयंपाकात सैंधव सुरू केलं आहे. बाबांच्या घोरण्यामुळे ती बाहेरच्या खोलीत झोपते.

बीपीने भिंत जाड होते हे पटतं. पण ताई म्हणते इन्सुलिनचाही हात आहे. साखर तर अजून डायबिटीसपर्यंत गेलेली नाही, मग इन्सुलिन हृदयाचं काय बिघडवणार? आणि ही भिंत पुन्हा पातळ होते का? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद:
मी वडोदऱ्यात फिजिशियन आहे. आधी आईंना सांगा, हृदय फुगून ढिलं पडलेलं नाही. वाढलेल्या दाबाविरुद्ध रक्त ढकलून स्नायू जाड झाला आहे. पुरुषांत ही भिंत साधारण १० मिमीपर्यंत असते. ईएफ चांगला असूनही दम लागू शकतो, कारण जाड भिंत नीट सैल पडत नाही आणि कप्पा भरताना मागे फुप्फुसांकडे दाब वाढतो.

तुमच्या ताईंचं बरोबर आहे. १०८ ला २२ ने गुणून ४०५ ने भागा, ५.९ च्या आसपास येतं. हा होमा-आयआर, म्हणजे शरीर इन्सुलिनला किती दाद देत नाही (इन्सुलिनचा प्रतिरोध) याचा अंदाज, आणि तो बराच जास्त आहे. म्हणजे साखर आटोक्यात ठेवायला स्वादुपिंडाला खूप जास्त इन्सुलिन ओतावं लागतंय. खरी मेख अशी की स्नायू आणि यकृत साखरेच्या बाबतीत इन्सुलिनचं ऐकेनासे झाले, तरी मूत्रपिंड ऐकतच राहतं आणि मीठ धरून ठेवतं. रक्तवाहिन्या सैल करण्याचं इन्सुलिनचं काम मात्र कमी पडतं. दोन्हींनी बीपी वाढतं. शिवाय इन्सुलिन हा वाढीचा संदेश देणारा हार्मोन आहे आणि हृदयाच्या पेशींनाही तो संदेश पोचतो. त्यामुळे सारख्याच बीपीच्या दोन माणसांत भिंत सारखीच जाड होईल असं नाही.

भिंत पातळ होऊ शकते, पण महिने लागतात आणि गोळीत खंड चालत नाही. काही गोळ्या यात जास्त उपयोगी आहेत. लोसार्टन आणि अटेनोलॉलची तुलना करणाऱ्या २००२ च्या 'लाइफ' अभ्यासात लोसार्टनने जाडी अधिक कमी झाली होती. कोणती द्यायची हे मूत्रपिंड आणि पोटॅशियम तपासून तुमचे डॉक्टर ठरवतील. वजन चार-पाच किलो उतरलं तरी बीपी आणि इन्सुलिन दोन्ही खाली येतात.

सैंधव हेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच, त्याने काही साधत नाही. शेव आणि जीरावन मात्र खरंच कमी करा. आणि तुम्ही जाता जाता लिहिलेलं घोरणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. झोपेत श्वास अडकत असेल तर रात्रीचं बीपी उतरत नाही आणि इन्सुलिनचा प्रतिरोधही वाढतो. मध्येच श्वास थांबतो का, आईंना विचारा.

धागाकर्ता:
मनापासून आभार. आईला विचारलं. ती म्हणाली, "थांबतो, मग एकदम धाप लागल्यासारखे उठतात, मला वाटलं स्वप्न पडतं." हे तिने आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं. बाबांना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. मूत्रपिंडाचा भाग त्यांनी दोनदा वाचायला लावला आणि जुनी गोळी शोधायला उठले. मी थांबवलं, सोमवारी डॉक्टरांना विचारूनच सुरू करू. झोपेच्या तपासणीसाठी रात्रभर हॉस्पिटलात राहावं लागतं, की यंत्र घरी देतात? इंदुरात कोणी केली असेल तर कृपया सांगा.