मदत हवी आहे: सार्वजनिक शाळांमध्ये रस्त्यावरील पार्किंगचे परवाने वाटण्याचे सूत्र

नमस्कार.

एका मोठ्या शहराच्या शिक्षण विभागात मी नियोजनाचे काम पाहतो. सार्वजनिक शाळांतील कर्मचाऱ्यांना शाळेलगतच्या रस्त्यावर गाडी लावण्यासाठी जे परवाने मिळतात, त्यांच्या शाळानिहाय वाटपाचे सूत्र नव्याने ठरवण्याची जबाबदारी सध्या माझ्यावर आहे. टिपण जवळजवळ लिहून झाले आहे, परंतु दोन ठिकाणी गाडी अडली आहे. वाटपाच्या गणिताशी किंवा शाळेच्या रोजच्या कारभाराशी ज्यांचा संबंध आला आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे. पार्श्वभूमी दिल्याशिवाय प्रश्न नीट कळणार नाही, म्हणून लेखन थोडे लांबले आहे.

आमच्याकडे आजवर परवाना व्यक्तीच्या नावाने निघत असे. शाळेने यादी पाठवायची आणि विभागाने शिक्का मारायचा, एवढीच पद्धत होती. शाळेबाहेर प्रत्यक्ष किती गाड्या उभ्या राहू शकतात, याचा त्या यादीशी काडीचाही संबंध नव्हता. त्यामुळे परवाना हातात असणे म्हणजे जागा असणे नव्हे, तर जागा शोधत फिरण्याची मुभा असणे, एवढाच त्याचा अर्थ उरला. न्यूयॉर्क शहर या चक्रातून दोन्ही दिशांनी गेले आहे. तेथे २००८ साली महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांच्या प्रशासनाने शिक्षण विभागाचे सुमारे ६३,००० परवाने ११,००० च्या आसपास आणले, आणि २०१७ साली महापौर बिल डी ब्लाझिओ यांच्या कारकिर्दीत, कर्मचारी संघटनांशी चाललेल्या वादानंतर, सुमारे ५०,००० परवाने पुन्हा वाढवण्याचा निर्णय झाला. दोन्ही वेळा आकडा बदलला तो कागदावरचा; रस्त्याची कड होती तेवढीच होती.

म्हणून मी हिशेबाची सुरुवात कर्मचाऱ्यांच्या यादीपासून न करता रस्त्यापासून केली, आणि परवाना व्यक्तीला नव्हे तर शाळेला द्यावा, असे टिपणात मांडले. हे मांडताना माझ्यासमोर नकाशा होता आणि नकाशा फार उदार असतो. एका शाळेची रस्त्याकडची बाजू त्यावर ९६ मीटर भरत होती, आणि एका गाडीला पुढेमागे वळवण्यासकट ६ मीटर धरले, तर १६ गाड्या सहज बसत होत्या. मग फीत घेऊन प्रत्यक्ष गेलो. शाळेच्या बसगाड्यांसाठी ३० मीटर सोडावे लागतात. दोन फाटकांसमोर मिळून १२ मीटर, दोन्ही कोपऱ्यांवर रस्ता ओलांडणारी मुले चालकाला दिसावीत म्हणून १२ मीटर, आणि अग्निशमनाच्या नळाच्या दोन्ही बाजूंना मिळून ९ मीटर गेले. उरले ३३ मीटर, म्हणजे पाच गाड्या, असे वहीत लिहिले आणि लगेच खोडले, कारण ते ३३ मीटर सलग नव्हते. १४, ११ आणि ८ मीटरचे तीन तुकडे होते आणि त्यांत दोन, एक आणि एक, अशा चारच गाड्या मावत होत्या. मधल्या तुकड्यात उरलेल्या पाच मीटरांत कोणीतरी छोटी गाडी तिरकी घुसवली होती. तिचे मागचे चाक फूटपाथवर चढलेले होते आणि काचेमागे आमच्याच विभागाचा परवाना होता, तोही दुसऱ्याच शाळेचा.

नकाशातल्या सोळा जागा जमिनीवर चार झाल्या, तेव्हाच माझ्या लक्षात आले की सर्व शाळांना कर्मचारीसंख्येच्या ठरावीक टक्क्यांनी परवाने देणे निरर्थक आहे. रुंद रस्त्यावरच्या लहान शाळेला पुरून उरतील एवढ्या जागा असतात आणि अरुंद गल्लीतल्या मोठ्या शाळेला दोनही नसतात. एकीच्या जागा उचलून दुसरीला देता येत नाहीत. तेव्हा जेथे एका रस्त्यावर एकच शाळा आहे, तेथे वाटपाचा प्रश्नच उरत नाही, कारण मोजून जेवढ्या जागा भरतील तेवढे परवाने तिचे. खरा पेच एकाच इमारतीत दोन-तीन शाळा भरतात तेथे आहे, आणि मोठ्या शहरात अशा इमारती काही कमी नसतात.

माझा पहिला प्रश्न अशाच एका इमारतीचा आहे. तेथे तीन शाळा आहेत आणि त्यांचे कर्मचारी अनुक्रमे ६१, ५९ आणि २० आहेत. बाहेर दहा जागा होत्या. मी सरळ प्रमाण काढले, तेव्हा वाटे ४.३६, ४.२१ आणि १.४३ आले. पूर्णांक वाटून एक जागा उरली, ती सर्वांत मोठा अपूर्णांक असलेल्या लहान शाळेला दिली आणि ४, ४, २ असे वाटप झाले. कोणाचीच तक्रार नव्हती. पुढे एक जुने, वापरात नसलेले फाटक भिंत घालून बंद करण्यात आले आणि बाहेर अकरावी जागा निघाली. त्याच सूत्राने वाटे ४.७९, ४.६४ आणि १.५७ आले, उरलेल्या दोन जागा मोठ्या दोन शाळांना गेल्या आणि वाटप ५, ५, १ झाले. लहान शाळेच्या मुख्याध्यापिका कागद घेऊन माझ्याकडे आल्या आणि त्यांनी एवढेच विचारले, ‘जागा वाढली, मग आमची कमी कशी झाली?’ मी आकडेमोड तीनदा तपासली. चूक सापडली नाही आणि उत्तरही सापडले नाही.

दुसरा प्रश्न जास्तीच्या परवान्यांचा आहे. रोज कोणी ना कोणी रजेवर असते, तेव्हा दहा जागांसाठी बारा परवाने द्यायला काय हरकत आहे, असा आग्रह बहुतेक सर्व शाळांनी धरला आहे. मलाही हे प्रथम पटले होते, पण दोन जास्तीचे परवाने ‘थोडे’ आहेत की ‘पुष्कळ’ आहेत, हे ठरवायचे कशाच्या आधारावर?

शाळेच्या आत परवाना कोणाला मिळावा, हे मी मुद्दाम शाळेवरच सोडले आहे. अपंग कर्मचाऱ्यांची जागा या वाटपाच्या बाहेर आणि आधी राखली जाते. एकाच दिवसात तीन-चार शाळांत जाणारे वाचा-उपचारतज्ज्ञ आणि समुपदेशक यांच्यासाठी वेगळा परवाना सुचवला आहे. त्यावर मतभेद असल्यास जरूर लिहावे, परंतु कृपया आधी वरील दोन प्रश्नांचा विचार व्हावा.

प्रतिसाद १

आपल्या मुख्याध्यापिकांना जे दिसले, ते अमेरिकेत १८८० च्या जनगणनेनंतर दिसले होते. प्रतिनिधीगृहाच्या जागा राज्यांमध्ये वाटताना तेथील जनगणना कार्यालयाने वेगवेगळ्या एकूण संख्यांसाठी कोष्टके मांडली, तेव्हा एकूण २९९ जागा धरल्या तर अलाबामा राज्याला आठ आणि ३०० धरल्या तर सात जागा मिळत होत्या. पद्धत आपण वापरलेलीच होती: पूर्णांक आधी वाटायचे आणि उरलेल्या जागा सर्वांत मोठ्या अपूर्णांकांना द्यायच्या. तेव्हापासून या विसंगतीला अलाबामाचेच नाव मिळाले आहे. दोष आपल्या आकडेमोडीत नाही, पद्धतीत आहे. एकूण जागा वाढल्या की मोठ्या शाळेचा वाटा लहान शाळेच्या वाट्यापेक्षा वेगाने वाढतो, आणि म्हणून अपूर्णांकांचा क्रम उलटतो.

यावर उपाय म्हणजे जागा एकगठ्ठा न वाटता एकेक करून द्याव्यात. प्रत्येक शाळेच्या कर्मचारीसंख्येला १, ३, ५, ७, ९ अशा विषम संख्यांनी भागत जावे आणि प्रत्येक जागा त्या क्षणी ज्याचा भागाकार सर्वांत मोठा असेल त्याला द्यावी. अमेरिकेत ही पद्धत डॅनिअल वेबस्टर यांच्या आणि युरोपात आंद्रे सेंत-लाग्यू यांच्या नावाने ओळखली जाते. न्यूझीलंडमध्ये १९९६ पासून संसदेच्या जागा पक्षांमध्ये याच रीतीने वाटल्या जातात. आपल्या आकड्यांवर ती चालवून पाहिली. पहिल्या नऊ जागा ४, ४, १ अशा जातात. दहाव्या जागेसाठी ६१ ला ९ ने भागून ६.७८, ५९ ला ९ ने भागून ६.५६ आणि २० ला ३ ने भागून ६.६७ येतात, म्हणून ती पहिल्या शाळेला मिळते. अकरावी लहान शाळेला आणि बारावी मधल्या शाळेला मिळते. याचा अर्थ असा की दहा जागा असताना लहान शाळेला एकच मिळायला हवी होती आणि फाटक बंद झाल्यावर दुसरी. त्यांना हे ऐकायला आवडणार नाही, पण एकदा दिलेली जागा नवी जागा निघाल्यामुळे परत जाणार नाही, याची हमी मात्र या पद्धतीत आहे. मिशेल बालिन्स्की आणि पेटन यंग या गणितज्ञांनी सिद्ध केले आहे की वाटा प्रमाणाच्या लगतच्या दोन पूर्णांकांबाहेर कधीच जाणार नाही आणि कर्मचारीसंख्या बदलल्यामुळे येणाऱ्या अशाच प्रकारच्या विसंगतीही कधीच येणार नाहीत, या दोन्ही गोष्टी एकाच पद्धतीत साधता येत नाहीत. विषम भाजकांच्या पद्धतीत पहिली हमी क्वचित मोडते. पार्किंगच्या दहा-अकरा जागांसाठी तेवढे सोसायला हरकत नाही, असे माझे मत आहे.

जास्तीच्या परवान्यांबाबत अंतःप्रेरणा फार फसवते. परवानाधारक दर दहा दिवसांतले नऊ दिवस गाडी घेऊन येतो असे धरा, आणि एकाच्या रजेचा दुसऱ्याच्या रजेशी संबंध नाही असे माना. दहा जागांना अकरा परवाने दिले, तर अकराही जण एकाच दिवशी येण्याची शक्यता ०.९ चा अकरावा घात, म्हणजे सुमारे ३१ टक्के आहे. बारा परवाने दिले, तर किमान एकाला जागा न मिळण्याची शक्यता ६६ टक्क्यांवर जाते, म्हणजे तीनपैकी दोन दिवस कोणीतरी गल्लीबोळांतून फिरत राहणार. शिवाय पालकसभेच्या दिवशी रजा कोणीच घेत नाही, त्यामुळे ज्या दिवशी बाहेर गर्दी सर्वाधिक असते, नेमके त्याच दिवशी गणित सर्वांत वाईट ठरते.

प्रतिसाद २

मी एका शाळेत मुख्याध्यापक होतो, आता निवृत्त आहे. जागांइतकेच परवाने द्यावेत आणि त्यांवर गाडीचा क्रमांक घालू नये, फक्त शाळेचे नाव आणि अनुक्रमांक घालावा, असे मी सुचवीन. आमच्याकडे कार्यालयाच्या दाराशी खिळे ठोकलेली एक लाकडी पाटी होती. पुढच्या दिवशी रजेवर जाणारा शिक्षक संध्याकाळी आपले कार्ड त्या दिवसाच्या खिळ्याला अडकवून जायचा आणि प्रतीक्षायादीत पुढे असलेला ते घेऊन जायचा. जास्तीचे परवाने छापण्याची गरज कधी पडली नाही. शिस्त लागायला एक सत्र गेले, कारण सुरुवातीला कार्ड खिळ्याला लावायला लोक हमखास विसरत. तीनदा विसरला त्याचे नाव यादीत शेवटी जाईल असे ठरल्यावर स्मरणशक्ती सुधारली.

शाळेच्या आतले वाटप मात्र पूर्णपणे शाळेवर सोडू नये. सोडले की ते सेवाज्येष्ठतेने होते आणि एकदा मिळालेले कार्ड निवृत्तीपर्यंत हलत नाही. नवा शिक्षक बहुधा सर्वांत लांबून येतो आणि बस बदलत दीड तास प्रवास करतो. गाडीने लागणारा वेळ आणि सार्वजनिक वाहतुकीने लागणारा वेळ यांतला फरक पाहावा, घरापासूनचे अंतर पाहू नये. रेल्वेस्थानकाशेजारी राहणाऱ्याला लांबचे अंतरही जड जात नाही.

धागाकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. विषम भाजकांची पद्धत मी सर्व सामायिक इमारतींच्या आकड्यांवर चालवून पाहिली आणि ती टिपणात घेतली आहे. दहा जागांच्या वेळी मी लहान शाळेला एक जागा जास्त दिली होती, हे मुख्याध्यापिकांना स्वतः भेटून सांगितले. त्यांनी दोन्ही कोष्टके शेजारीशेजारी ठेवून बराच वेळ पाहिली. अकराव्या जागेवर त्यांचे नाव नव्या कोष्टकात आहेच, त्यामुळे त्यांच्या आधीच्या दोन जागा दोनच राहतात.

बारा परवान्यांचा आग्रह ६६ टक्क्यांच्या आकड्यापुढे टिकला नाही. खिळ्यांची पाटी मला मनापासून आवडली, पण क्रमांक नसलेल्या कार्डाची रंगीत छायाप्रत निघायला वेळ लागणार नाही, ही भीती आहे. कार्डाचा अनुक्रमांक आणि रस्त्यावर रंगवलेला जागेचा क्रमांक एकच ठेवला, तर एका जागेवर दोन कार्डे दिसताच नक्कल उघडी पडेल, असा माझा विचार आहे. यात एकच अडचण दिसते. जागा क्रमांकाने बांधली की लांबलचक गाडी शेजारच्या जागेत अर्धा मीटर शिरते आणि भांडण सुरू होते. कोणाच्या शाळेत जागा क्रमांकाने रंगवलेल्या असतील, तर एका गाडीसाठी त्यांनी किती मीटर धरले आहेत, ते कृपया कळवावे. ६ मीटर कमी पडत असतील, तर माझ्या चार जागांच्या शाळेचा हिशेब तरीही बदलत नाही, पण इतर अनेकांचा बदलेल.