जेएमएफसी ते उच्च न्यायालय: वयाचं गणित बसतं का?

पहिली_सनद: बहीण यंदा एलएल.बी. होतेय. जेएमएफसी (प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी पदाची परीक्षा) देऊन न्यायिक सेवेत शिरलं तर उच्च न्यायालयापर्यंत जाता येतं का, की त्यासाठी वकिलीच करत राहावी लागते?

रोजनामा: जाता येतं, पण वय आड येतं. त्याआधी एक महत्त्वाचं. २० मे २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर या परीक्षेसाठी तीन वर्षांची वकिली लागते. ती तात्पुरत्या सनदेच्या, म्हणजे वकील म्हणून झालेल्या तात्पुरत्या नोंदणीच्या, तारखेपासून मोजतात. दाखला देणाऱ्या वकिलाची किमान दहा वर्षं प्रॅक्टिस हवी आणि त्यावर तिथल्या प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याची सही हवी. म्हणून पहिल्या दिवसापासून सीनियरच्या वकालतनाम्यावर तिचं नाव घालायला सांगा. नाहीतर तीन वर्षं तारखा घेऊनही कागदावर काही उरत नाही.

वरिष्ठ_स्तर: आता वय. आधी दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर, मग वरिष्ठ स्तर, मग जिल्हा न्यायाधीश. नुसत्या बढतीवर राहिलं तर दीड-दोन दशकं सहज जातात. उच्च न्यायालयात दोन तृतीयांश जागा बारमधून, म्हणजे वकिलांतून, आणि एक तृतीयांश सेवेतून भरायची प्रथा आहे. निवृत्ती ६२ ला. पन्नाशी उलटल्यावर तिथे पोचणाऱ्याला ज्येष्ठता कमवायला वेळच उरत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाचं दार बहुतेकदा तिथेच बंद होतं. भूषण गवई १९८५ ला वकिलीत आले आणि २००३ मध्ये, बेचाळिसाव्या वर्षी, मुंबई उच्च न्यायालयात अतिरिक्त न्यायमूर्ती झाले. २०१९ ला सर्वोच्च न्यायालय, २०२५ ला सरन्यायाधीश. लवकर चढल्याचा फायदा हा असा.

रोजनामा: सेवेतूनही उदाहरण आहे. बेला त्रिवेदी १९९५ मध्ये अहमदाबादला ट्रायल कोर्टात न्यायाधीश झाल्या, २०११ ला गुजरात उच्च न्यायालयात, २०२१ ला सर्वोच्च न्यायालयात. मात्र त्यांनी सुरुवात जेएमएफसीपासून केली नव्हती, थेट वरच्या पायरीवर नेमणूक झाली होती. जिल्हा न्यायाधीशांच्या २५ टक्के जागा अशा थेट भरतीच्या असतात. पूर्वी सेवेतल्यांना तिथे अर्जच करता येत नसे. ९ ऑक्टोबर २०२५ च्या घटनापीठाच्या निकालानं वकिली आणि सेवा मिळून सात वर्षं झालेल्या, पस्तिशी गाठलेल्या न्यायाधीशालाही ती वाट मोकळी झाली. तुमच्या बहिणीसाठी मला हीच वाट सर्वात चांगली वाटते.

वरिष्ठ_स्तर: सहमत. फक्त गोपनीय अहवाल, म्हणजे वरिष्ठांनी लिहिलेला कामाचा शेरा, सांभाळायला सांगा. प्रतिकूल शेरा आला तर मुदतीत त्याविरुद्ध अभिवेदन (लेखी म्हणणं) द्यावं. राखून ठेवलेले निकाल महिनोन्‌महिने पडू देऊ नयेत. पुढे उच्च न्यायालयासाठी नाव सुचवताना जुनी निकालपत्रंही मागवून वाचतात.